‘साभार परत’ तरी म्हणा!

पहिल्या पानावर अग्रलेख छापण्याचा प्रसंग राज्य उलथले, युद्ध पेटले किंवा एखादा थोर पुरुष निवर्तला म्हणजे येतो, असा वाचकांचा समज आहे आणि तो चुकीचा नाही. आज यांपैकी काहीही घडलेले नाही. घडले आहे ते एवढेच, की आमच्या टपालात एक पत्र आले आहे. पत्र नऊ ओळींचे आहे. ‘स. न. वि. वि.’ असा जुना मायना लिहून एका सव्वीस वर्षांच्या मुलीने त्यात कळवले आहे, की आठ आठवड्यांपूर्वी तिने एका कचेरीत नोकरीसाठी मुलाखत दिली. मुलाखत चाळीस मिनिटे चालली. मुलाखत घेणारे तिघे सौजन्याने वागले, त्यांनी चहा दिला, तिच्या लेखनाची दोन कात्रणे ठेवून घेतली आणि निघताना ‘आम्ही कळवू’ असे सांगितले. त्यानंतर तिने एकदा पत्र धाडले, दोनदा दूरध्वनी केला. साहेब बैठकीत असल्याचे तिला दोन्ही वेळा सांगण्यात आले. पत्राच्या अखेरीस तिने विचारले आहे, ‘मी वाट पाहू की पाहू नको, एवढे कळले तरी पुरे.’

ती कचेरी आमचीच आहे.

हे आधीच सांगून टाकलेले बरे. पुढे जे चार शब्द आम्ही इतरांना सुनावणार आहोत ते सुनावण्याचा अधिकार आम्हांस नाही, असे कोणी म्हटले तर ते आम्ही निमूटपणे ऐकून घेऊ. आमच्याकडे उपसंपादकाच्या दोन जागा होत्या. नऊ उमेदवारांना पाचारण केले. दोघांची निवड झाली आणि ते दोघे कामावर रुजूही झाले. उरलेल्या सातांना कळवायचे कोणी, हा प्रश्न मात्र कोणाच्याच टेबलावर आला नाही. संपादकांना वाटले, व्यवस्थापक कळवतील. व्यवस्थापकांना वाटले, मुलाखत ज्यांनी घेतली ते कळवतील. आणि ज्या लेखनिकाच्या हातून हे व्हायचे त्याला कोणी सांगितलेच नाही. दुष्टावा यात कोणाचाच नव्हता. तरीपण सात घरे आठ आठवडे ताटकळत राहिली, आणि त्या ताटकळण्याचे धनी आम्ही आहोत. पहिल्या पानावरील ही जागा आज आम्ही वापरतो आहोत ती याच कारणाने; आतल्या पानात कोपरा धरून माफी मागणे आम्हांस शोभले नसते.

‘आम्ही कळवू’ हे दोनच शब्द. परंतु मराठी मध्यमवर्गीय घरात ते शिरले म्हणजे काय करतात, हे त्या घरात वाढलेल्यांना सांगावयास नको. पहिला आठवडा उत्साहाचा असतो. मुलाखत कशी झाली याची उजळणी जेवणाच्या पानावर दहा वेळा होते. अमुक प्रश्नाला साहेब हसले म्हणजे ते खूश होते, असा अर्थ आई लावते. दुसऱ्या आठवड्यात फोन वाजला की सगळे घर गप्प होते. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकू जिन्यात गाठून ‘काय झालं गं त्याचं?’ असे विचारतात, आणि मुलगी जिन्याने जाण्याच्या वेळा बदलते. वडील मुद्दाम काही विचारत नाहीत. ते न विचारणेच तिला अधिक टोचते. पाचव्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या एका संस्थेकडून कमी पगाराची जागा चालून येते आणि शनिवारपर्यंत होकार मागते. आता काय करावे? होकार द्यावा, तर इकडचे बोलावणे सोमवारी आले तर? नकार द्यावा, तर इकडचे आलेच नाही तर? ज्या कचेरीने हा पेच निर्माण केला, तिथे तोपर्यंत त्या जागेवर दुसरा माणूस बसून चहा पीत असतो. नकाराने माणूस एक दिवस खचतो. दुसऱ्या दिवशी नव्या अर्जाला लागतो. उत्तरच न मिळणाऱ्याला ना रडता येते, ना पुढे जाता येते.

आमच्या व्यवसायाला तर हे मुळीच शोभत नाही. मराठी नियतकालिकांच्या संपादकांनी वर्षानुवर्षे दोन शब्दांची एक चिठ्ठी पाळली: ‘साभार परत’. होतकरू कवी, कथालेखक लिखाणासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट धाडीत, आणि संपादक नापसंत लिखाण त्या पाकिटातून परत करीत. या दोन शब्दांची थट्टा पुष्कळ झाली. पण थट्टा करणाराही जाणून होता, की आपले बाड कोणीतरी उघडले, वाचले, आणि नको म्हणून सांगितले. ते बाड दुसऱ्या संपादकाकडे धाडायला तो मोकळा झाला. कचेऱ्यांतही तीच रीत होती. नोकरी नाकारल्याचे टंकलिखित पत्र येई; मजकूर ठरीव, सही रबरी शिक्क्याची; तरीही पोस्टमन ते दारात आणून देई आणि घरातल्या आशेचा हिशेब तिथल्या तिथे मिटे. त्या पत्राला कागद लागे, टंकलेखक लागे, तिकीट लागे. आज त्यांतले काहीच लागत नाही. शंभर उमेदवारांना एका क्षणात, एका पैचाही खर्च न करता कळवता येते. नेमक्या याच काळात कळवण्याची रीत लोपली, हे चमत्कारिक आहे. ज्या गोष्टीला खर्च उरला नाही तिचे मोलही उरले नाही, एवढाच तर्क आम्हांस सुचतो.

तथापि सगळेच मौन आमच्यासारखे वेंधळेपणाचे नसते. काही मौन हिशेबी असते, आणि ते कसे चालते हे उमेदवारांनी समजून घेतले पाहिजे. खासगी कंपनीत मुलाखत घेणारा एक, पगार ठरवणारा दुसरा आणि जागेस मंजुरी देणारा तिसरा असतो. तिघांचे जमले म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराला पत्र जाते. हा उमेदवार बहुधा दुसरीकडे नोकरीत असतो. माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत राजीनाम्यानंतरची मुदत दोन-दोन, तीन-तीन महिन्यांची असते. त्या मुदतीत तो हातातले पत्र दाखवून जुन्या मालकाकडून पगार वाढवून घेईल, की आणखी तिसरीकडे जाईल, याची शाश्वती नसते. म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला नकार दिला जात नाही. त्याला राखून ठेवले जाते. राखून ठेवले आहे असे मात्र सांगितले जात नाही. पहिला रुजू झाला की दुसऱ्याचा विषय संपतो, आणि इतक्या उशिरा कळवण्याची लाज वाटते म्हणून कोणीच कळवत नाही. सरकारी कारभाराला आपण सगळेच नावे ठेवतो. पण सरकारजवळ ‘प्रतीक्षायादी’ असा एक प्रामाणिक शब्द तरी आहे. त्या यादीत आपण कितवे आहोत हे उमेदवाराला दिसते. खासगी कचेऱ्यांतही प्रतीक्षायादी असतेच. ती फक्त साहेबांच्या मनात असते. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची कथा तर याहून निराळी आणि अधिक करुण आहे. दर वर्षी नवी मुलाखत, दर वर्षी नवी प्रतीक्षा, आणि ती सुद्धा ज्या वर्गात मागल्या वर्षी शिकवले त्याच वर्गासाठी!

खासगी कचेरीचे मौन एका घरापुरते असते. सरकारचे मौन हजारो घरांत एकदम शिरते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या 2019 सालच्या राज्यसेवा परीक्षेचा अंतिम निकाल जून 2020 मध्ये लागला आणि चारशेहून अधिक उमेदवारांची शिफारस झाली. अभिनंदनाचे फलक गावोगाव लागले, सत्कार झाले. पुढे सप्टेंबर 2020 मध्ये मराठा आरक्षणास सर्वोच्च न्यायालयाची अंतरिम स्थगिती आली, मे 2021 मध्ये अंतिम निर्णय लागला, आणि या साऱ्या काळात सत्कार झालेले हे भावी उपजिल्हाधिकारी व तहसीलदार घरी बसून होते. न्यायालयीन वाद हे खरे कारण होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण वाद कोठवर आला, नेमणुका कोणत्या टप्प्यावर अडल्या, हे त्यांना महिन्याकाठी एका पत्राने सांगण्यास कोणते न्यायालय आड येत होते? त्याच वर्षी जूनच्या अखेरीस पुण्यातील एका तरुणाने आपले जीवन संपवले. स्थापत्य अभियांत्रिकीचा तो पदवीधर आयोगाची पूर्व व मुख्य परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीची वाट पाहत होता. एका माणसाच्या अंताला एकच कारण चिकटवणे बरोबर नव्हे आणि आम्ही ते करणार नाही. मात्र त्यानंतर विधिमंडळात जे उघड झाले ते नमूद केलेच पाहिजे. आयोगावरील सदस्यांच्या जागाच रिकाम्या होत्या, आणि त्या 31 जुलै 2021 पर्यंत भरू असे आश्वासन सरकारला द्यावे लागले. इतरांच्या नेमणुकांची शिफारस करणारी संस्थाच नेमणुकांसाठी तिष्ठत होती!

हे असेच चालायचे, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 2023 सालच्या नागरी सेवा परीक्षेच्या मुलाखती 9 एप्रिल 2024 रोजी संपल्या आणि 16 एप्रिलला अंतिम निकाल लागला. 1,016 उमेदवारांची यादी सात दिवसांत देशापुढे आली. आम्हांला नऊ उमेदवारांचा निकाल आठ आठवड्यांत सांगता आला नाही.

कायद्याचे म्हणावे, तर उमेदवाराच्या पदरात थोडेच आहे. पण जे आहे ते त्याला माहीत असावे. शंकरसन दाश यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1991 साली सांगितले, की निवडयादीत नाव आले म्हणून नेमणुकीचा अबाधित हक्क उत्पन्न होत नाही. मात्र त्याच निकालात असेही म्हटले आहे, की जागा न भरण्याचा निर्णय सरकारला लहरीप्रमाणे घेता येणार नाही. त्यास योग्य कारण असले पाहिजे. कारण असले पाहिजे, म्हणजे ते विचारता आले पाहिजे. विचारण्याचे साधन 2005 सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने दिले: दहा रुपयांचे शुल्क आणि तीस दिवसांत उत्तर. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्कही मान्य केला. खासगी कंपनीला हा कायदा लागू नाही, आणि आमच्या वाचकांची बहुतेक मुले आज खासगी कंपन्यांच्याच दारात उभी आहेत.

मौनाचा एक परिणाम असा, की तिथे दलालाला जागा मिळते. ज्याला अधिकृतपणे काहीच कळत नाही, त्याला अनधिकृतपणे सांगणारा भेटतोच. ‘तुमची फाईल वर अडली आहे, थोडे वजन ठेवावे लागेल’ असे म्हणणारा इसम फाईल कुठे आहे हे जाणत नसतो. उमेदवार ते जाणत नाही, एवढेच त्याला पुरते. नामांकित कंपन्यांच्या नावाने बनावट नेमणूकपत्रे धाडून ‘अनामत’ उकळणारे भामटे याच अंधारात वावरतात. नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा कोणीही असो, तो नोकरी देणारा नव्हे, हे घरोघरी सांगितले गेले पाहिजे. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून आपल्या कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या, त्यामागे वशिल्याला व लाचखोरीला आळा घालण्याचाच हेतू सांगितला गेला होता. मुलाखत बंद करणे हा एक उपाय झाला. मुलाखतीनंतर बोलणे, हा दुसरा उपाय. त्याला अध्यादेशाची गरज नाही.

आता उमेदवारांविषयी. आमच्याकडे ज्या मुलीने पत्र लिहिले तिने ते फार संकोचाने लिहिले आहे. ‘त्रास देत आहे, क्षमा असावी’ हे वाक्य नऊ ओळींत दोनदा आले आहे. हा संकोच एकटीचा नाही. आपल्या समाजात विचारणे आणि हात पसरणे यांत फरक केला जात नाही. स्वतःच्या कामाविषयी स्वतः विचारायला आपला सुशिक्षित तरुण भिडस्त असतो. पण त्याच कामासाठी मंत्रालयात ओळख असलेल्या मामांकडे जायला त्याला किंवा त्याच्या वडिलांना काही वाटत नाही! आमचे मत नेमके उलट आहे. मामांकडे जाणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे; सरळ पत्र लिहून निकाल विचारणे मुळीच नाही. ज्याने अर्धा दिवस रजा काढली, गाडीभाडे खर्च केले, चार परक्या माणसांसमोर बसून आपल्या गुणदोषांची चिकित्सा करून घेतली, त्याचे त्या कचेरीवर एका उत्तराचे ऋण असते. विचारणारा ते वसूल करतो.

फक्त वसुलीची पद्धत शहाणपणाची असावी. मुलाखत संपताना ‘आपल्याला काही विचारायचे आहे का?’ असे बहुधा विचारतात, आणि आपले उमेदवार ‘नाही सर’ म्हणून उठतात. तिथेच विचारावे: निर्णय साधारण कोणत्या तारखेपर्यंत होईल, आणि तोवर न कळल्यास कोणाशी संपर्क साधू? या प्रश्नाने कोणी रागावल्याचे आम्ही पाहिलेले नाही. रागावलाच, तर ती नोकरी न मिळणे बरे. दुसऱ्या दिवशी चार ओळींचे आभाराचे पत्र धाडावे. त्यात स्वतःची स्तुती नको. मुलाखतीत एखाद्या प्रश्नाचे उत्तर अपुरे राहिले असेल तर ते एका वाक्यात पुरे करावे. मग सांगितलेल्या तारखेपर्यंत खुशाल गप्प राहावे. तारीख उलटून चार-पाच कामाचे दिवस गेले की पहिले विचारणा-पत्र. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी दुसरे. दुसऱ्या पत्रात, आपल्यापुढे दुसरी जागा असेल तर ते खरे खरे सांगावे, आणि अमुक दिवशी मला उत्तर द्यायचे आहे असे कळवावे. नसलेली जागा आहे म्हणून सांगू नये. हा खोटेपणा उघडा पडल्यावाचून राहत नाही. तिसरे पत्र लिहू नये. दोन पत्रांना जी कचेरी उत्तर देत नाही तिने उत्तर दिलेलेच आहे. रोज फोन करणे, कचेरीच्या दारात जाऊन बसणे, मुलाखत घेणाऱ्याच्या घरचा पत्ता शोधणे, हे तर कटाक्षाने टाळावे. आणि या साऱ्या काळात दुसरे अर्ज थांबवू नयेत, हातची नोकरी लेखी पत्राखेरीज सोडू नये. तोंडी ‘समजा तुमचे झालेच’ यावर राजीनामा देऊन बसलेली माणसे आम्हांला ठाऊक आहेत. लेखी पत्र मिळूनही सुटका नसते, हा 2022 सालच्या पुष्कळ तरुण अभियंत्यांचा अनुभव आहे. नेमणुकीची पत्रे हातात घेऊन ते रुजू होण्याच्या तारखेसाठी महिनोन्‌महिने थांबले.

मालकवर्गाची बाजू आम्हांस ऐकू येत नाही असे नाही. एका जागेला हजार अर्ज येतात, हजारांना उत्तर कसे द्यायचे? हे म्हणणे अर्जांच्या बाबतीत आम्ही अर्धेमुर्धे मान्य करतो. परंतु मुलाखतीला हजार जणांना बोलावलेले नसते. आठ-दहांना असते, आणि त्यांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक सारे टेबलावर असते. कारणे दिली तर वाद होतील, उद्या कोणी कोर्टात खेचील, असेही वकील मंडळी सांगतात. कारणे कोणी मागितली आहेत? ‘आपली निवड झालेली नाही’ या वाक्यावर खटला उभा राहत नाही. तिसरी तक्रार मात्र खरी आहे. उमेदवारही कळवत नाहीत. नोकरी स्वीकारल्याचे पत्र देतात, रुजू व्हायच्या दिवशी येत नाहीत आणि फोनही उचलत नाहीत. हा प्रकार वाढला आहे आणि तो निंद्य आहे. वर ज्या दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराविषयी आम्ही लिहिले, त्याचा वनवास अशा पहिल्या क्रमांकामुळेच लांबतो. टाळी एका हाताने वाजत नाही, हे खरे. पण एका हातात नोकरी देण्याची सत्ता आहे आणि दुसऱ्यात अर्ज. सत्ता असलेल्या हाताने आधी पुढे यावे, अशी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. शिवाय आमचा वाचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसतो. घरी त्याची मुलगी फोनकडे बघत असते आणि कचेरीत तोच कोणाच्या तरी मुलीला ‘आम्ही कळवू’ असे सांगून येतो. बँकांचे अधिकारी, शिक्षणसंस्थांचे विश्वस्त, सहकारी पतपेढ्यांचे संचालक, कारखान्यांचे व्यवस्थापक, हे सारे हे पान सकाळी चहाबरोबर वाचतात. म्हणून हा लेख सरकारला उद्देशून आहे त्यापेक्षा त्यांना अधिक उद्देशून आहे.

कायद्याने हे होईल का? 1959 साली आपल्या संसदेने केलेल्या कायद्याने पंचवीस वा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांवरही रिकाम्या जागा सेवायोजन कचेरीला कळवण्याचे बंधन घातले होते. पुढे तो कायदा 2020 सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेण्यात आला. जागा आहे हे सरकारला कळवा, असे कायदा म्हणाला. मुलाखत दिलेल्या माणसाला निकाल कळवा, असे म्हणण्याचे त्याला सुचले नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताला ते सुचले. तेथील नियमाप्रमाणे 1 जानेवारी 2026 पासून, पंचवीस वा अधिक नोकर असलेल्या मालकाने जाहिरात दिलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीपासून 45 दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही हे उमेदवाराला कळवलेच पाहिजे. कारण देण्याची सक्ती नाही, कळवण्याची आहे. पंचेचाळीस दिवस आम्हांला फार वाटतात. पण आमच्याच कचेरीने छप्पन्न घेतले, तेव्हा याविषयी आम्ही अधिक बोलू नये. आपल्याकडे 2015 सालचा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे, ज्यान्वये दाखला किती दिवसांत मिळावा हे ठरते. मुलाखतीचा निकाल व नेमणुकीची स्थिती विहित मुदतीत कळवणे, ही सेवा शासनाने आपल्या भरतीपुरती त्याच पद्धतीने अधिसूचित करावी. खासगी क्षेत्रासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पुण्याचे मराठा चेंबर 1934 पासून येथील उद्योगधंद्यांची संघटना म्हणून उभे आहे. मुलाखतीच्या वेळी तारीख सांगायची, त्या तारखेस होय किंवा नाही कळवायचे, आणि निर्णय लांबला तर लांबला असे कळवायचे, एवढा संकेत चेंबरने आपल्या सभासदांपुढे ठेवला तर तो पाळणाऱ्या कंपन्यांची नावे आम्ही आनंदाने आणि विनामूल्य छापू.

आमच्यापुरते सांगायचे, तर सातही उमेदवारांना काल संध्याकाळी पत्रे रवाना झाली. त्यांत निवड न झाल्याचे स्पष्ट लिहिले आहे, उशिराबद्दल क्षमा मागितली आहे, आणि ज्यांची कात्रणे ठेवून घेतली होती त्यांना ती सोबत परत केली आहेत. ज्या मुलीच्या पत्रामुळे हे घडले, तिच्या पत्रावर संपादकांनी स्वतः सही केली. ती शनिवारपर्यंत दुसऱ्या गावी होकार कळवणार होती; पत्र तिला त्याआधी मिळावे म्हणून ते टपालाने न धाडता माणसाबरोबर पाठवले आहे.